लग्न झालेल्या कॅथलिकाने विवेक तपासायचा म्हणजे नेमकं काय तपासायचं?

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर पापांच्या लांबच लांब याद्या फिरायला लागतात. दहा आज्ञा, प्रत्येक आज्ञेखाली पंधरा-वीस प्रश्न, बरेचसे कुणीतरी घाईघाईत इंग्रजीतनं मराठी केलेले. मग पवित्र सप्ताहात कन्फेशनच्या, म्हणजे फादरना पापं सांगून देवाची क्षमा मागण्याच्या, रांगेत उभा असलेला पन्नाशीचा माणूस मोबाईलवर ती यादी वर-खाली करत राहतो आणि त्याला कळतच नाही की यातलं आपल्याला लागू काय आहे. "खून नाही, चोरी नाही, बाहेर भानगड नाही, मग फादरना सांगू काय?" हे मी वसईत कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय. आणि याच्या अगदी उलट टोकाला अशा बायका भेटतात ज्यांना यादीतलं प्रत्येक वाक्य आपल्यालाच लिहिलंय असं वाटतं, त्या रात्र रात्र झोपत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. लग्न झालेल्या माणसाने आपली तपासणी वेदीसमोर दिलेल्या शब्दापासून सुरू करावी, यादी नंतर बघावी. ते का आणि कसं, तेच खाली लिहितेय.

आधी मुळातलं: विवेक आणि तपासणी

विवेक म्हणजे सदसद्विवेकबुद्धी, बरं काय आणि वाईट काय हे आतून सांगणारी जाणीव. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आजच्या जगातल्या चर्चविषयी जो दस्तऐवज काढला त्यात विवेकाला माणसाचा सगळ्यात आतला गाभारा म्हटलंय, जिथे तो देवासोबत एकटा असतो. पण विवेक म्हणजे मनाला येईल ते नव्हे. तो घडवावा लागतो, देवशब्दाने, प्रार्थनेने, चर्चच्या शिकवणुकीने, शहाण्या माणसांच्या सल्ल्याने, आणि दुर्लक्ष केलं की तो बोथटही होतो, मग पूर्वी टोचणारी गोष्ट टोचेनाशी होते.

तपासणी म्हणजे देवाच्या उजेडात बसून आपलं वागणं बघणं. वसईच्या लोकांना बावखल सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, वाडी शिंपायला खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. वर्षभर त्यात पानं पडतात, कुजतात, खाली बसतात, वरनं पाणी नितळ दिसतं पण तळाला गाळ चढत जातो आणि झरे बुजतात, म्हणून उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो. संसाराचं असंच होतं, मोठं काही घडलेलं नसतं, गाळ मात्र बसलेला असतो. कुणाला खराब ठरवायला गाळ काढत नाहीत, पाणी वापरायचं असतं म्हणून काढतात.

आता गंभीर पाप कशाला म्हणायचं? कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात तीन अटी आहेत: गोष्ट मुळात गंभीर पाहिजे, ती गंभीर आहे हे माहीत पाहिजे आणि तरी जाणूनबुजून, स्वखुशीने केलेली पाहिजे. तिन्ही असतील तरच. अशी गंभीर पापं वर्षातून निदान एकदा कबूल करणं बंधनकारक आहे, वार्षिक कन्फेशनचा नियम १२१५च्या लॅटरन परिषदेपासूनचा. बाकीच्या लहान पापांचं बंधन नाही पण ती सांगावीत असं चर्च आग्रहाने सुचवतं, आणि संसारात मला वाटतं त्याचाच जास्त उपयोग होतो.

लग्नानंतर तपासणी वेगळी कशाने होते?

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की लग्न फादरनी लावलं. लॅटिन परंपरेत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, विवाह संस्कार वधू-वर एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने ती संमती स्वीकारतात. म्हणजे तुमच्या बायकोला हा संस्कार तुम्ही दिलात आणि तुम्हाला तिने. आणि तो त्या दिवसापुरता नाही, जगाल तोवर चालू आहे.

त्या दिवशी आधी विचारणा झाली होती, आठवा. कुणाच्या जबरदस्तीशिवाय, मोकळ्या मनाने आलात का? आयुष्यभर एकमेकांवर प्रेम कराल, एकमेकांचा मान राखाल का? देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकारून ख्रिस्ती श्रद्धेत वाढवाल का? मग वचन दिलं, सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि धडधाकट असताना एकनिष्ठ राहीन म्हणून. फोटोग्राफर समोर, घाम फुटलेला, त्यामुळे निम्म्यांना ते शब्द आठवतही नाहीत! पण विवाहितासाठी तपासणीचा पहिला कागद हाच आहे.

मग काय काय बघायचं?

मान राखण्यापासून सुरुवात करू, कारण एकनिष्ठतेचं सगळ्यांना आठवतं आणि हे कुणालाच आठवत नाही. "मी दारू पिऊन मारत नाही" ही चांगल्या नवऱ्याची व्याख्या होऊ शकत नाही. अबोला धरला होता का, आणि किती दिवस? राग शांत व्हायला थोडा वेळ गप्प राहणं वेगळं, पण समोरच्याला झुकवायला आठवडाभर बोलायचं नाही आणि मुलीला मध्ये घालून "पप्पांना सांग जेवायला या" म्हणायचं, ही शिक्षा देणं झालं, आणि मुलगी त्यातून काय शिकते तेही आपल्याच खात्यात येतं. बायबलमधल्या एफेसकरांच्या पत्रात सूर्य मावळण्याआधी राग सोडायला सांगितलंय. चारचौघांत तिच्या माहेरची टिंगल केली का, त्याच्या पगारावरून भावाशी तुलना केली का, विश्वासाने सांगितलेली दुबळी गोष्ट भांडणात हत्यार म्हणून काढली का? पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या कुटुंबाविषयीच्या पत्रात घरासाठी तीन शब्द पुन्हा सांगितले होते: प्लीज, थँक्यू, सॉरी. ऑफिसात आपण हे दिवसभर बोलतो, घरी शेवटचं कधी बोललो हे बघावं.

मग पैसा. यावर याद्यांमध्ये फार कमी असतं आणि घरं मात्र यानेच मोडताना दिसतात. लपवलेलं कर्ज, ऑनलाइन रमीत गेलेला पगार, न विचारता गहाण ठेवलेलं सोनं, वाडीची जमीन विकताना बायकोला "इथे सही कर" एवढंच सांगणं, किंवा कमावत्या बायकोचं एटीएम कार्ड नवऱ्याने स्वतःकडे ठेवणं. उलट बाजूही आहे, शेजारच्यासारखं लग्न, शेजारच्यासारखं घर पाहिजे म्हणून नवऱ्याला झेपणार नाही एवढ्या कर्जात ढकलणं. हे सगळं "व्यवहार" म्हणून कन्फेशनच्या बाहेर राहतं, आणि तसं राहायला नको.

एकनिष्ठता म्हणजे फक्त लफडं नसणं एवढंच नाही. जुन्या मैत्रिणीशी रात्री चालणारं चॅट जे बायको आली की बंद होतं, पॉर्न, ऑफिसातल्या माणसाजवळ नवऱ्याविषयी मोकळं होत होत त्याच्यावरच मन बसणं, हे सगळं इथे येतं. आपल्याकडे आखातात आणि बोटीवर असलेल्यांची घरं खूप, महिनोन् महिने एक जण तिकडे आणि एक इकडे. तिथे प्रश्न असाही विचारावा की व्हिडिओ कॉलवर मी पैसे पोचले का आणि मुलांचे मार्क यापलीकडे काही बोलते का, तिकडचा एकटेपणा मी कधी ऐकून घेतला का. आणि गावात राहून, रोज घरी झोपून, पॅरिशच्या प्रत्येक कमिटीत असूनही माणूस घरी नसू शकतो. चर्चचं काम हे घर टाळायचं कारण झालं असेल तर तेही तपासणीत यायला पाहिजे, मला हे फार मनापासून वाटतं.

सासर-माहेर. उत्पत्तीच्या पुस्तकात पुरुष आईबापांना सोडून बायकोशी जडून राहील असं आहे, आणि चौथी आज्ञा आईबापांचा मान राखायला सांगते, दोन्ही एकाच वेळी पाळायचंय. "तू आणि आई काय ते बघून घ्या" म्हणून टीव्ही लावणारा नवरा कुणालाच दुखवत नाही असं त्याला वाटतं, पण तो दोघींनाही एकटं टाकतो. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीच्या पापकबुलीत विचार, शब्द, कृती यांच्यासोबत टाळलेलं कर्तव्यही येतं. संसारात हे टाळलेलं कर्तव्यच सगळ्यात जास्त असतं.

मुलांचं थोडक्यात: त्यांच्यासमोर जोडीदाराला खाली पाडणं, मुलगा-मुलगी भेद, त्यांच्यासोबत कधीच प्रार्थना न करणं.

"पण चूक त्याची आहे, तिची आहे!"

असेलही. पण कन्फेशनमध्ये आपण आपली पापं सांगायला जातो. अर्धा वेळ नवऱ्याची तक्रार आणि शेवटी "मग मला राग आला" असं कन्फेशन खूप जण करतात, मनावरचं ओझं हलकं होतं हे खरं, पण त्यासाठी फादरना वेगळी वेळ घेऊन भेटावं किंवा समुपदेशकाकडे जावं. येशूने भावाच्या डोळ्यातल्या कुसळाविषयी सांगितलं तेव्हा कुसळ नाहीच असं तो म्हणाला नाही, आधी आपलं मुसळ काढ म्हणाला. भांडणात माझा वाटा दहा टक्के असेल तर त्या दहा टक्क्यांसाठी मी पूर्ण जबाबदार.

पण इथे एक गोष्ट अगदी ठासून सांगायची आहे. जिला मारहाण होते, जिला रोज शिव्या आणि धमक्या खाव्या लागतात, तिला तपासणीच्या नावाखाली "मीच कुठे कमी पडले" हे शोधायला लावू नका. मार खाणं हे तिचं पाप नाही, आणि सहन करत राहणं हे वचन पाळणंही नाही. चर्चच्या कायद्यात कलम ११५३ आहे, जोडीदारापासून स्वतःच्या किंवा मुलांच्या शरीराला अथवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचं कायदेशीर कारण ते देतं, आणि थांबणं धोक्याचं असेल तर स्वतःच्या निर्णयानेही वेगळं होता येतं. पोप फ्रान्सिस यांनी तर कधी कधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या गरजेचं होतं असं लिहिलंय. देशाचा २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही आहेच. "बायकांनो, पतीच्या अधीन असा" हे एफेसकरांमधलं वाक्य जे सारखं सांगतात त्यांनी त्याच्या आधीचं वाक्य वाचावं, एकमेकांच्या अधीन असा, आणि पुढचंही, पतींनो, ख्रिस्ताने चर्चसाठी स्वतःला दिलं तसं प्रेम करा.

"बेडरूममध्ये चर्चचं काय काम?"

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. चर्च शरीरसंबंधाला घाण मानत नाही, विवाहात तो वचनाचाच भाग आहे, शब्दाने जे दिलं तेच शरीराने देणं. म्हणून तिथेही मान आणि मोकळी संमती लागतेच. पोप सहावे पॉल यांचं १९६८चं पत्र गर्भनिरोधनाच्या बंदीसाठीच सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच पत्रात हेही आहे की जोडीदाराची स्थिती, इच्छा न बघता लादलेला संबंध ही प्रेमाची कृती नव्हे. तो हक्क आहे म्हणणाऱ्या नवऱ्याने हे आपल्या तपासणीत घ्यावं. आणि शिक्षा म्हणून, काहीतरी पदरात पाडून घ्यायला म्हणून जवळीक नाकारत राहणं हेही बघावं, आजारपण, थकवा, बाळंतपण, मनाची जखम ही गोष्ट वेगळी, तिथे नाही म्हणणं म्हणजे पाप नाही.

गर्भनिरोधनाबद्दल चर्चची शिकवण आजही तीच आहे, कृत्रिम साधनं नकोत, गंभीर कारण असेल तर पाळीच्या चक्राप्रमाणे अंतर ठेवता येतं. किती मुलं हे नवरा-बायकोने देवासमोर, जबाबदारीने ठरवायचं, जमतील तेवढी असं चर्च म्हणत नाही. बिलिंग्ज पद्धत (शरीराची लक्षणं बघून गर्भ राहू शकणारे दिवस ओळखण्याची) वगैरे नीट शिकून घ्यावी लागते आणि त्यात नवऱ्याचा संयम लागतो, नुसता बायकोचा तक्ता नाही. अनेकांना हे जड जातं, आणि त्याच पत्रात लिहिलंय की अशा जोडप्यांनी निराश न होता प्रायश्चित्त संस्काराकडे, म्हणजे कन्फेशनला, यावं. या एका विषयाच्या लाजेने वर्षानुवर्षं कन्फेशन सोडून दिलेली माणसं आहेत, त्यांनी निदान फादरशी बोलावं.

गर्भपाताविषयी एक गैरसमज अजून आहे की त्याची क्षमा फक्त बिशपच देऊ शकतात. नोव्हेंबर २०१६पासून पोपनी सगळ्या धर्मगुरूंना तो अधिकार कायमचा दिलाय. आणि "तू बघ काय ते" म्हणून किंवा मुलगी नको म्हणून दबाव टाकणाऱ्या नवऱ्याने, सासूनेही हे स्वतःच्या तपासणीत घ्यायचंय, ती एकटी रांगेत उभी राहते हा अन्याय आहे.

"फादरनी बाहेर सांगितलं तर?"

लहान गावात ही भीती खरीच असते, फादर ओळखीचे, घरी जेवायला येणारे. २०१८ साली केरळात मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर कन्फेशनमधली माहिती वापरून एका विवाहित बाईला ब्लॅकमेल केल्याचा आरोप झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने कन्फेशन बंदच करा अशी शिफारस केली होती. ते चर्च कॅथलिक चर्चपेक्षा वेगळं आहे, पण आपल्याही बायकांच्या मनात ते बसलं आणि तिथे नुसतं "असं होत नाही" म्हणून चालणार नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्यात कन्फेशनची गुप्तता कुठल्याही कारणाने मोडता येत नाही, जो धर्मगुरू थेट मोडेल त्याच्यावर आपोआप चर्चचा बहिष्कार पडतो. आणि आपल्या हातातही गोष्टी आहेत: दुसऱ्या पॅरिशमध्ये जा, नाव सांगायची गरज नाही, जाळीमागून कन्फेशन करणं हा तुमचा हक्क आहे. कुठल्याही फादरनी गरजेपेक्षा खोलात, खासगी तपशील विचारले आणि अवघडल्यासारखं झालं तर तिथेच थांबून उठून जाता येतं, आणि तक्रारही करता येते, गुप्ततेचं बंधन फादरवर आहे, तुमच्यावर नाही.

"मग नवऱ्याला, बायकोलाही सगळं सांगायचं का?"

क्षमेची ती अट नाही. पण धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की नुकसान केलं असेल तर ते शक्य तेवढं भरून द्यायचं. म्हणून लपवलेलं कर्ज सांगावंच लागेल असं माझं मत आहे, कारण उद्या वसुलीवाले दोघांच्याही दारात येणार. जोडीदाराच्या तब्येतीला धोका होईल असं काही असेल तरीही सांगायलाच पाहिजे. संपलेल्या जुन्या लफड्याचं मात्र सरसकट उत्तर नाही, कधी सांगणं गरजेचं असतं, कधी आपलं ओझं हलकं करायला दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणं होतं, हे अनुभवी फादरशी शांतपणे बोलून ठरवावं. माफी मागणं मात्र टाळू नये. मत्तयच्या शुभवर्तमानात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, आणि घरातलं माणूस तर भावापेक्षा जवळ.

ज्यांना सगळंच पाप वाटतं त्यांच्यासाठी

तीच तीच गोष्ट परत परत कबूल करावीशी वाटणं, क्षमा मिळाली यावर विश्वासच न बसणं, याला स्क्रुपल्स म्हणतात. जेझुइट संघ स्थापणारे संत इग्नेशियस लोयोला स्पेनमधल्या मानरेसा गावी असताना यातून गेले, इतके की जीव द्यावासा वाटत होता. तुम्हाला असं होत असेल तर लांब याद्या वाचूच नका, एकच फादर धरा आणि ते म्हणतील तेवढंच करा, आणि हात धुण्यासारखं, कुलूप तपासण्यासारखं बाकी गोष्टीतही मन अडकत असेल तर मानसोपचार तज्ज्ञाला भेटा, त्यात श्रद्धा कमी पडण्यासारखं काही नाही.

रोजच्या धबडग्यात कसं बसवायचं?

इग्नेशियसनी रोजच्या तपासणीची पद्धत घालून दिली, १५४८ साली त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला पोपची मान्यता मिळाली त्यात ती आहे. १५४२ला गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर त्यांच्याच पहिल्या सोबत्यांपैकी, म्हणजे आपल्या किनाऱ्याला ही पद्धत परकी नाही. आधी आभार, मग देवाकडे उजेड मागणं, मग दिवस बघणं, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. आभार पहिले येतात हे जोडप्यांसाठी फार मोलाचं आहे, आज तिने केलेली एक चांगली गोष्ट आठवल्याशिवाय पुढे जायचंच नाही. दहा मिनिटं पुरतात, विरार लोकलमध्ये उभ्या उभ्याही होतं, रात्री जपमाळेनंतरही होतं. सुरुवातीला दोघांनी वेगवेगळं करावं, एकत्र बसलात तर एकमेकांचीच तपासणी सुरू होते. सवय झाल्यावर आठवड्यातून एकदा एकत्र बसावं आणि प्रत्येकाने फक्त स्वतःचं बोलावं.

खूप वर्षांनी कन्फेशनला जाणाऱ्यांनी एवढंच म्हणावं, "फादर, बरीच वर्षं झाली, मला मदत करा." पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तरी चालतं, आपल्या शब्दांत म्हणता येते. ज्यांचं पहिलं लग्न मोडून दुसरं फक्त कोर्टात झालंय त्यांना वाटतं हे सगळं आपल्यासाठी बंद आहे. तपासणी, प्रार्थना, मिस्साला येणं हे कुणासाठीच बंद नाही. पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीने मुळात वैध होतं का हे बघायची प्रक्रिया पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सोपी केली, आधी दोन न्यायालयांचा होकार लागायचा, आता एकाचा पुरतो. त्यासाठी आधी आपल्या पॅरिशच्या फादरना भेटायचं, लग्नाचे दोन्ही दाखले आणि कोर्टाचा आदेश सोबत न्यायचा.